हरवलेला अर्थ: जुन्या विलायती गाडीचा काटा खोटं का बोलतो

आम्ही आधी चुकीचा भाग बदलला. पैसे गेले, एक रविवार गेला आणि काटा होता तिथेच राहिला.

गाडी माझ्या मामांची. ट्रायम्फ हेराल्ड १३/६०, साल १९६८, इंजिन १२९६ सीसीचं. मुक्काम रत्नागिरी, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. डॅशवर दोन मोठ्या तबकड्या. एकीत स्पीड, दुसरीत पेट्रोल आणि टेंपरेचर शेजारी शेजारी. कोल्हापूरला निघालं की साखरप्यापुढे आंबा घाट सुरू होतो, आणि तिथेच टेंपरेचरचा काटा लालकडे सरकायला लागायचा. मामा मुकाट्याने गाडी कडेला घ्यायचे आणि बॉनेट उघडायचे. हेराल्डचं बॉनेट म्हणजे गाडीचं अख्खं तोंडच, मडगार्डांसकट पुढे उलटतं. त्यामुळे येणारेजाणारे थांबून बघायचे आणि फुकटचे सल्ले द्यायचे. पण वाफ नाही, पाण्याचा खळखळाट नाही, रबरी नळी दगडासारखी फुगलेली नाही. अर्धा तास थांबून, इंजिन निवल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं तर पाणी काठोकाठ. (गरम असताना ते झाकण उघडायचं नाही. वाफ तोंडावर येते.) पुढे एका मित्राकडून तापमान मोजायची ती पिस्तुलासारखी वस्तू आणली आणि थर्मोस्टॅटच्या घरावर रोखली. आकडा ८५ अंशांच्या आसपास. म्हणजे इंजिन ठणठणीत होतं, काटा खोटं बोलत होता.

मग आम्ही तर्क लढवला. या गाडीत दोन्ही काट्यांना वीज एकाच डबीतून येते. डबी बिघडली असती तर दोन्ही काटे बिघडले असते. पेट्रोलचा काटा तर नीट दिसतोय, तेव्हा दोष टेंपरेचरच्या सेंडरचा, म्हणजे इंजिनवर बसून काट्याला खबर पाठवणाऱ्या भागाचा. तर्क पुस्तकातल्यासारखा होता. नवा सेंडर मागवला, बसवला, घाट चढलो. काटा पुन्हा लालला टेकला.

कुठे चुकलं ते कळायला हा काटा मुळात हलतो कशाने ते बघावं लागेल.

काट्याच्या मागे पेट्रोल नसतं आणि पाणीही नसतं. मागे असते एक बारीकशी पट्टी, दोन धातू एकमेकांवर चिकटवून केलेली. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते. पोफळीची विरी उन्हात पडली की एका अंगाने जास्त आकसते आणि वळत जाते, तसंच काहीसं. या पट्टीभोवती केसासारखी बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून करंट गेला की ती तापते, पट्टी वाकते आणि पट्टीला जोडलेला काटा सरकतो. करंट जास्त तर काटा जास्त वर. थोडक्यात हा काटा म्हणजे एक चिमुकली शेगडी आहे, आणि तो फक्त स्वतःची ऊब दाखवतो.

म्हणूनच तो संथ आहे. किल्ली फिरवली की उडी मारत नाही, अर्धा मिनिट घेऊन सावकाश चढतो. हा दोष समजू नका, मुद्दामच तसं केलेलं आहे. टाकीत पेट्रोल हिंदकळलं तरी काटा वळणावळणाला नाचू नये म्हणून. त्याआधीच्या गाड्यांत गुंडाळ्यांच्या चुंबकावर चालणारे काटे असत. ते किल्लीसरशी टुणकन उडत आणि घाटात प्रत्येक वळणाला डावीउजवीकडे झोके घेत. साधारण १९६० नंतरच्या काही वर्षांत एकेका विलायती मॉडेलमधून हे उडे काटे गेले आणि संथ काटे आले. आपल्या गाडीत कोणता आहे ते आधी बघा, कारण दोघांची परीक्षा अगदी उलट असते. त्याकडे पुढे येतो.

आता करंट कमीजास्त कोण करतं? टाकीतला सेंडर. त्यात एक फ्लोट असतो, त्याची दांडी एका बारीक तारेच्या गुंडाळीवर घासत सरकते. टाकी भरलेली असली की करंटला गुंडाळीचा थोडाच भाग ओलांडावा लागतो, अडथळा कमी, सुमारे २० ओहम. टाकी रिकामी झाली की अख्खी गुंडाळी वाटेत येते, अडथळा २५० ओहमच्या आसपास. टेंपरेचरच्या सेंडरमध्ये फ्लोट नाही. तिथे एक गोळी असते, गरम झाली की तिचा अडथळा आपोआप घटतो. म्हणून इंजिन गरम, तर करंट जास्त, तर काटा वर.

इथे एक अडचण येते. गाडीत वीज कायम एकसारखी नसते. इंजिन बंद असताना बॅटरी १२ व्होल्टच्या थोडी वर, इंजिन चालू झालं की १४ च्या आसपास, रात्री दिवे लावून सिग्नलला उभं राहिलं की पुन्हा खाली. शेगडीची ऊब असल्या हेलकाव्यांवर चालली तर पेट्रोल तेवढंच असताना काटा वरखाली होणार. शिवाय ही ऊब करंटच्या वर्गाने वाढते. व्होल्टेज १० वरून १४ झालं तर करंट १.४ पट, पण ऊब जवळजवळ दुप्पट!

म्हणून मध्ये ती डबी. तिला म्हणायचं व्होल्टेज स्टॅबिलायझर. आगपेटीपेक्षाही छोटी, पत्र्याची, डॅशच्या मागे कुठेतरी एका स्क्रूवर टांगलेली. नाव भारदस्त असलं तरी आत तीच करामत आहे: दोन धातूंची पट्टी, तिच्यावर तापणारी तार, आणि पट्टीच्या टोकाला एक काँटॅक्ट. करंट आला, पट्टी तापली, वाकली, काँटॅक्ट सुटला. वीज तुटली, पट्टी निवली, सरळ झाली, काँटॅक्ट पुन्हा लागला. इस्त्रीतलं ते ‘टक’ होतं ना, तसंच, पण बरंच भराभर. आगरात पाटाचं पाणी एका आळ्यात सोडायचं, बंद करायचं, पुन्हा सोडायचं, आणि शेवटी झाडाला मिळालेलं पाणी सरासरीने हवं तेवढं भरायचं, असा हा हिशेब. बॅटरी चढी असली की पट्टी लवकर तापते आणि वीज लवकर तुटते. सरासरी राहते १० व्होल्ट. काटे संथ असल्याने त्यांना ही उघडझाप जाणवतच नाही. ज्याला ही जोडी सुचली त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. एकही इलेक्ट्रॉनिक भाग न वापरता, घड्याळजीला कळेल अशा सामानात त्याने नियंत्रण करून दाखवलं.

डबीवर ‘बी’ आणि ‘आय’ अशी अक्षरं असतात. ‘बी’ म्हणजे बॅटरीकडून आलेली वीज, ‘आय’ म्हणजे काट्यांकडे जाणारी. तिसरं टोक डबीचा पत्रा स्वतःच. ज्या स्क्रूवर ती टांगलेली आहे, त्याच स्क्रूतून तिचा अर्थ, म्हणजे विजेच्या परतीचं टोक, गाडीच्या बॉडीला मिळतो.

आणि आमचा घोटाळा त्या स्क्रूपाशीच होता.

जुन्या गाडीत दिव्याला किंवा काट्याला जाणारी तार एकच असते. परतीची तार म्हणजे गाडीचा पत्रा. जाताना तार, येताना पत्रा. पत्र्याला जोडलेल्या त्या टोकाला आपण अर्थ म्हणतो. मराठीत हा शब्द दोन्हीकडून लागू पडतो, अर्थ गेला की काटा जे सांगतो त्याला अर्थ उरत नाही. इंग्लंडात बनवलेल्या गाडीत तांब्याची बचत म्हणून हे ठीकच होतं. पण ती गाडी रत्नागिरीत आणून ५० पावसाळे उभी करा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी मिठाची आहे. खाऱ्या वाऱ्याने आलेलं मीठ पत्र्यावर बसतं, आणि हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ हवेतलंच पाणी ओढून घेऊन विरघळतं. स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ आषाढात ओलं होतं, तेच. म्हणजे गाडीवर पावसाचा थेंबही न पडता प्रत्येक बोल्टखाली मिठाचं पाणी महिनोन्‌महिने बसून असतं. वरून ताडपत्री घट्ट बांधली असेल तर आणखीच छान, दमट कोंदणच झालं. पितळेवर आणि तांब्यावर हिरवं पीठ येतं, लोखंडावर तांबूस खपल्या. दोन्हीतून वीज नीट जात नाही.

हेराल्डमध्ये हे जास्तच, कारण तिची चेसिस वेगळी आणि बॉडी तुकड्यातुकड्यांची, बोल्टने जोडलेली. डिकीतल्या टाकीपासून बॅटरीच्या अर्थपर्यंत यायला करंटला किती सांधे ओलांडावे लागतात ते एकदा मोजून बघा. एकेका सांध्यावर गंज टोल घेत बसलेला असतो.

विलायती गाड्यांच्या वायरिंगवरून जगभर थट्टा चालते. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात, हा विनोद जुन्या गाड्यांच्या प्रत्येक मेळाव्यात कोणीतरी नव्याने ऐकवतो. मला तो अन्यायाचा वाटतो. पन्नास वर्षांनी तार शाबूत, डबीतली पट्टी शाबूत, आणि अडलंय काय तर एक गंजका स्क्रू. त्याचा दोष कोणाला द्यायचा? वाऱ्याला?

डबीचा अर्थ तुटला की काय होतं बघा. डबीतली तापणारी तार त्याच अर्थवर चालते. अर्थ नाही म्हणजे तिच्यातून करंट नाही, पट्टी तापत नाही, वाकत नाही, काँटॅक्ट सुटत नाही. दार कायमचं उघडं. काट्यांना १० ऐवजी थेट १४ व्होल्ट. सगळे काटे चढे.

टाकीतल्या सेंडरचा अर्थ खराब झाला तर नेमकं उलटं. परतीच्या वाटेत जास्तीचा अडथळा आला, करंट घटला, पेट्रोलचा काटा उतरला. अर्थ पूर्ण तुटला तर काटा रिकाम्याच्याही खाली निपचित.

एकाच जातीचा गंज, एका जागी असला तर काटा चढवतो, दुसऱ्या जागी असला तर उतरवतो. आणि मामांच्या गाडीत तो दोन्ही जागी होता.

हे आम्हाला समजलं ते मिरकरवाड्याच्या बंदरावर मच्छीमारी बोटींचं वायरिंग करणाऱ्या एका वायरमनमुळे. मामांची त्यांची जुनी ओळख. त्यांनी गाडीखाली वाकूनही बघितलं नाही. आधी विचारलं, “काका, टाकी फुल केल्यावर काटा फुलला जातो?”

मामा म्हणाले, “नाही, पाऊण टाकीच्या पुढे कधीच गेला नाही. या गाडीची तशी सवयच आहे.”

“आणि संपत आल्यावर?”

“तेव्हा खाली येतो, पण जरा रेंगाळतो.”

“मग ती सवय नव्हे.”

हिशेब असा होता. काट्याची स्वतःची तार साधारण ६५ ओहम धरा, अर्ध्या टाकीला सेंडर ८० ओहम. एकूण १४५. दहा व्होल्टवर जेवढा करंट जायला हवा तेवढाच १४ व्होल्टवर जायचा असेल तर एकूण अडथळा १.४ पट, म्हणजे सुमारे २०३ ओहम लागेल. वरचे ५८ ओहम कुठून आले? टाकीच्या गंजक्या अर्थमधून! डबीने काटा जेवढा चढवला, टाकीच्या अर्थने तेवढाच उतरवला, आणि अर्ध्या टाकीला तो काटा हुबेहूब खरा दिसला. दोन लबाडांच्या भांडणात खरं बाहेर पडल्यासारखं. पण हा मेळ फक्त मधोमध जुळतो. टाकी फुल असताना त्या ५८ ओहमचं वजन भारी पडतं आणि काटा पाऊणच्या आसपास अडतो. रिकामी होताना चढ्या व्होल्टेजची सरशी होते आणि काटा टेकायला वेळ लावतो. मामा त्याला ‘सवय’ म्हणत आणि मी मान डोलवत असे. टेंपरेचरच्या सेंडरचा अर्थ मात्र इंजिनमधून. इंजिनचा अर्थ पक्का, नाहीतर स्टार्टर फिरलाच नसता. म्हणून त्या काट्याला खाली ओढणारं कोणी नव्हतं, तो उघडपणे चढा दिसायचा.

आमचा तर्क चुकला नव्हता, त्याच्या बुडाशी धरलेली गोष्ट चुकली होती. पेट्रोलचा काटा ‘नीट’ आहे हे आम्ही मोजलं नव्हतं, मानलं होतं.

आता हे तुमच्या गाडीत शोधायचं कसं. सामान फार नाही: १२ व्होल्टचा छोटा बल्ब दोन तारा लावून, म्हणजे टेस्ट लँप, साधा मल्टिमीटर, आणि दोन्ही टोकांना चिमटे लावलेली, गाडीच्या लांबीची एक तार. ही शेवटची वस्तू सर्वांत कामाची. मी तिला उसना अर्थ म्हणतो.

डॅशच्या मागे हात घालण्यापूर्वी बॅटरीचा अर्थ काढा आणि बोटातली अंगठी उतरवा. तिथल्या तपकिरी तारा थेट बॅटरीच्या असतात, किल्ली बंद असली तरी जिवंत. तारा जागेवर लावून झाल्या की मगच बॅटरी जोडून तपासणी.

रंगांचं सांगायचं तर विलायती गाड्यांत शिस्त होती. हिरवी म्हणजे किल्लीनंतरची आणि फ्यूजमधून आलेली वीज, डबीच्या ‘बी’ला तीच येते. फिकट हिरवी डबीकडून काट्यांकडे. हिरव्यावर काळी रेघ असलेली पेट्रोलच्या सेंडरकडे, हिरव्यावर निळी रेघ असलेली टेंपरेचरच्या. नुसती काळी म्हणजे अर्थ. पन्नास वर्षांच्या धुळीने हिरवं आणि फिकट हिरवं एकच दिसतं, पण तारेचं टोक जिथे रबरी टोपीत शिरतं तिथे टोपी मागे सरकवली की मूळ रंग सापडतो. मधल्या काळात कोणा मिस्त्रीने हाती लागेल ती लाल तार जोडली असेल तर मात्र देवच वाली.

आधी एक परीक्षा काहीही न उघडता होते. रात्री गाडी चालू ठेवून उभी करा, काटे कुठे आहेत ते बघा. मग हेडलाइट, वायपर, जे असेल ते लावा आणि दोनेक मिनिटं थांबा. काटे जागचे हलले नाहीत तर डबी काम करते आहे. दिव्यांबरोबर काटे खाली आले आणि रेस दिल्यावर वर गेले, तर ते थेट बॅटरीवर चालले आहेत. आम्ही हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर सेंडरचे पैसे वाचले असते.

मग टेस्ट लँपचं एक टोक ‘आय’ला, दुसरं स्वच्छ अर्थला. किल्ली चालू. सुरुवातीला काही क्षण बल्ब सलग पेटेल आणि मग लुकलुकायला लागेल. लुकलुकला की डबी जिवंत. सलग पेटतच राहिला तर काँटॅक्ट चिकटलाय किंवा डबीला अर्थ नाही. अजिबात पेटला नाही तर ‘बी’ला वीज येते का ते बघा. तिथेही नसेल तर फ्यूजकडे वळा. बऱ्याचदा फ्यूज चांगला असतो आणि त्याच्या पितळी चिमट्यांनी हिरवं धरलेलं असतं. मल्टिमीटरने ‘आय’ मोजायला गेलात तर आकडे वेड्यासारखे नाचतील, घाबरू नका, ती उघडझाप आहे. तिथे मीटरपेक्षा बल्ब जास्त खरं सांगतो.

सलग पेटणाऱ्या बल्बवर उसना अर्थ लावायचा: एक चिमटा डबीच्या पत्र्याला, दुसरा बॅटरीच्या अर्थच्या खांबाला. आम्ही लावला आणि बल्ब लुकलुकायला लागला. मामा ‘अरेच्चा’ एवढंच म्हणाले. काट्यांकडे बघितलं तर टेंपरेचरचा काटा उतरून मध्यावर येत होता, आणि त्याच वेळी पेट्रोलचा काटाही खाली चालला होता, अर्ध्यावरून पावच्याही खाली. डबीचं खोटं थांबलं तशी टाकीची लबाडी उघडी पडली. मग तो चिमटा तसाच ठेवून, तशाच दुसऱ्या तारेने सेंडरच्या कडीलाही उसना अर्थ दिला. काटा मिनिटभरात अर्ध्यावर परत.

टाकीशी खेळताना मात्र जपून. ठिणगी पडायला नको, म्हणून जोडाजोड किल्ली बंद असतानाच, डिकी उघडी ठेवून, आणि सेंडर टाकीतून न काढता. त्याची तार सोडवून अर्थला लावायची, मग पुढे येऊन किल्ली फिरवायची. संथ काटा असेल तर तो सावकाश फुलकडे चढायला हवा. पोचला की लगेच किल्ली बंद करा, जास्त वेळ ठेवलं तर आतली बारीक तार जळू शकते. त्यापेक्षा रेडिओवाल्याकडून एक वॉटचा ६८ ओहमचा रेझिस्टर आणा आणि तार त्याच्यामार्फत अर्थला जोडा. काटा मध्याच्या आसपास उभा राहिला की काटा, तार आणि डबी तिन्ही ठीक, दोष टाकीच्या बाजूला.

उड्या मारणारा जुना काटा असेल तर हे सगळं उलटं वाचा. त्याला डबीच नसते, सेंडरची तार अर्थला लावली की तो रिकामं दाखवतो आणि सोडवून ठेवली की फुल. म्हणजे अर्थ गेला तर संथ काटा ‘पेट्रोल नाही’ म्हणून घाबरवतो, आणि जुना काटा ‘टाकी भरलेली आहे’ सांगत तुम्हाला परशुराम घाटात उभं करतो. दोघांत मला घाबरवणारा परवडतो.

सेंडरच खराब असण्याचे प्रकार थोडक्यात. पितळी फ्लोटला बारीक चीर पडून आत पेट्रोल शिरतं, फ्लोट बुडतो. तो कानाशी हलवला की आवाज येतो. गुंडाळीवर एका जागी घासून खाच पडली असेल तर काटा नेमका त्याच पातळीला आचका देतो. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीच्या तळाशी ओल साचून आतूनही गंज धरतो. टेंपरेचरच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवा: थंड इंजिनावर किल्ली फिरवताच काटा तरातरा लालकडे निघाला, तर सेंडरची तार कुठेतरी सोलली जाऊन इंजिनच्या लोखंडाला टेकली आहे. आणि तुमच्या गाडीत टेंपरेचरच्या मीटरमधून तारेऐवजी तांब्याची केशनळी निघून इंजिनकडे गेली असेल तर हा सगळा लेख त्या मीटरला लागू नाही, ते विजेवर चालतच नाही.

आता दुरुस्ती. मी पॉलिश पेपर घेऊन स्क्रू घासायला बसलो तर बोटीच्या वायरमननी हात धरला. “घासा, पण त्यावर विसंबू नका. पुढच्या गणपतीपर्यंत पुन्हा तेच.” त्यांचं म्हणणं साधं होतं. लाकडाच्या किंवा फायबरच्या बोटीत पत्राच नसतो, त्यामुळे बोटीवाल्याला ‘येताना पत्रा’ ही चैन कधी मिळालीच नाही. त्यांच्याकडे जातानाही तार आणि येतानाही तार, आणि तीही कथील चढवलेल्या तांब्याची, म्हणजे खाऱ्या हवेत हिरवी पडत नाही. त्यांनी बोटीचीच तार आणली होती. एक काळी तार डबीच्या स्क्रूपासून, दुसरी टाकीच्या सेंडरपासून, दोन्ही पुढे एका जागी, बॅटरीचा अर्थ जिथे चेसिसला बसतो त्या बोल्टवर. बोल्टखाली चकाचक घासलेला पत्रा, दातेरी वॉशर, घट्ट आवळणं, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा जाड थर. व्हॅसलीन नंतर. आधी लावून वर बोल्ट बसवणारे पुष्कळ असतात. त्याचा हेतू ओल बाहेर ठेवणं हा आहे, वीज नेणं हा नाही.

डबीच गेली असेल तर जुन्या पत्र्याच्या आत ७८१० हा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवता येतो, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ पैशात मिळतो. उघडझाप न करता सरळ १० व्होल्ट देतो. बरेच हौशी लोक पहिल्या दिवशीच हा बसवून मोकळे होतात, त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, त्यालाही अर्थ लागतोच. अर्थ सुटला तर तोही जवळपास सगळं व्होल्टेज पुढे ढकलतो, म्हणजे जुन्याच रोगाला नवी औषधाची बाटली. दुसरं, बॅटरीचा कोणता खांब चेसिसला जोडलाय ते बघा. १९६० च्या दशकातल्या बऱ्याच विलायती गाड्यांत पॉझिटिव्ह टोक चेसिसला असे. अशा गाडीत ७८१० चालणार नाही, ७९१० लागतो. त्याच्या पायांचा क्रम वेगळा असतो आणि पाठीचा धातू अर्थला नसून येणाऱ्या विजेला जोडलेला असतो, तो डबीच्या पत्र्याला टेकला की शॉर्ट. मूळची पट्टीवाली डबी मात्र या भानगडीत पडत नाही. उबेला पॉझिटिव्ह काय आणि निगेटिव्ह काय. म्हणून चालू असलेली जुनी डबी फेकू नका. ती बसवताना मात्र सरळ उभी बसवा, मूळ कंसात होती तशी. आडवीतिडवी टांगली तर आतल्या उबेची वाट बदलते आणि सरासरी चुकते.

दुसऱ्या दिवशी मामांनी पंपावर टाकी फुल केली. काटा पाऊण ओलांडून फुलच्या रेघेवर गेला. सेंडरच्या नव्या तारेचा अडथळा मोजला तर एका ओहमच्याही आत. पुढच्या शनिवारी आंबा घाट चढलो. टेंपरेचरचा काटा मध्याच्या जरा वर येऊन थांबला. मामांनी नेहमीच्या वळणावर सवयीने गाडी बाजूला घेतलीच, पण बॉनेट उघडलं नाही. थर्मासमधला चहा काढला.

काढून टाकलेला तो चांगला सेंडर अजून डिकीत आहे, कागदात गुंडाळून. मामा कोणालाही तो माझ्या नावाने दाखवतात.